खराब नसलेली फाईल

मित्रांनो, मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणारा एक जुना कॉम्प्युटर आहे. बारा वर्षांत मी कुणाचं वाईट चिंतलं नाही. तरीही माझ्यामुळे नागपूरजवळच्या खापा गावातल्या एका कुटुंबाचं असं नुकसान झालं, की ते कशानंही भरून येणार नाही. ते कसं झालं, तेवढं ऐका.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. नागपुरात सीताबर्डीच्या एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दुकानात, सुटे भाग एकमेकांना जोडून मला तयार केलं. ते २०१३ साल होतं. माझा मालक धम्मानंद रामटेके दिवसभर तिथे स्टुलावर बसून होता. प्रत्येक भाग तो हातात घेऊन बघायचा आणि दुकानदाराला विचारायचा, "हा मजबूत आहे ना गा? मले वरच्यावर बदलायचा नाही आहे." संध्याकाळी त्यानं मला स्कूटरवर पुढे, दोन पायांच्या मध्ये ठेवलं आणि रस्त्यातले सगळे खड्डे चुकवत इंदोऱ्याला आणलं.

इंदोऱ्यात, शिवणकामाच्या दुकानाच्या वर त्याचा स्टुडिओ होता. नाव 'तक्षशिला व्हिडिओ'. खोल्या दोन. एकीत फोटो काढायचा निळा पडदा, दुसरीत मी. धम्मानंद कॅमेरा चालवायचा आणि माझ्यावर चित्रं कापायचा-जोडायचा. त्याची बायको सुमती शेजारी बसून गाणी निवडायची, अल्बमची पानं लावायची. ती मला ब्रशनं साफ करायची, माझ्या पंख्यात अडकलेली धूळ फुंकून काढायची. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात माझं अंग तापलं, की सुमती माझ्या बाजूचं झाकण उघडायची आणि टेबलफॅनचं तोंड स्वतःकडून माझ्याकडे वळवायची.

ती वर्षं फार चांगली गेली. लग्नं, नामकरणं, गृहप्रवेश, शाळांची गॅदरिंग. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर आलेले लोक आपल्या माणसांचे व्हिडिओ काढून घ्यायचे, तेही माझ्याकडे यायचे. किती नवरीमुलींना मी घास भरवताना पाहिलं, किती बापांना मांडवाच्या मागे जाऊन डोळे पुसताना पाहिलं. एखादा अल्बम छापणारा लॅबवाला स्टुडिओत आला, की धम्मानंद माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "हा माझा बैल आहे. कितीही वजन टाका, बसत नाही." ते ऐकून मला बरं वाटायचं. कौतुक कुणाला आवडत नाही?

पण हळूहळू कॅमेरे बदलले.

हे थोडं समजावून सांगतो. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक पळणारी चित्रं. पूर्वी एका सेकंदात पंचवीस चित्रं यायची आणि ती लहान असायची. मी ती सहज उचलायचो. मग चौपट मोठी चित्रं आली, ज्याला लोक फोर-के म्हणतात. त्यात ड्रोन आले. ते एका सेकंदात साठ चित्रं काढतात, आणि एवढी चित्रं कार्डात मावावीत म्हणून त्यांना घट्ट आवळून बांधतात, एखाद्या गाठोड्यासारखं. ती गाठ सोडायची नवी युक्ती नव्या यंत्रांना जन्मतःच येते. मला ती कधी आलीच नाही. मी आपला जुन्या बोटांनी गाठ सोडत बसायचो. साठ चित्रांतली चार सुटायची, बाकीची निसटायची. पडद्यावर माणूस उडी मारल्यासारखा चालायचा, आवाज पुढे आणि ओठ मागे राहायचे.

"आता नवा घ्या ना हो," सुमती म्हणायची.

"घेऊ. हा सीझन जाऊ दे."

सीझन गेला, दुसरा आला. माझा पंखा कर्कश वाजू लागला. ब्रश खिडकीत पडून राहिला, कारण सुमतीचे गुडघे दुखू लागले आणि तिचं वर येणं कमी झालं. माझी डिस्क गळ्यापर्यंत भरली. नवं काम घ्यायचं तर जुनं काहीतरी पुसावं लागायचं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत खाप्याचं एक लग्न आलं. मुलीचं नाव पिंकी, वडील कवडूभाऊ. कवडूभाऊ ढिवर समाजातले. कन्हान नदीवर त्यांचा जन्म गेला. पावसाळ्यात मासे, हिवाळ्यात डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, लोकांची ने-आण, आणि पाणी उतरलं की नदीच्या रेतीत डांगरवाडी. डांगर म्हणजे रेतीत पिकणारं खरबूज. कवडूभाऊंची वाडी नदीच्या पलीकडे होती, मांडव अलीकडे खाप्यात. ठरवायला आले तेव्हा ते स्टुडिओत खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

"भाऊ, पोरीले मीच डोंग्यातून आणणार आहे," ते म्हणाले. "पूल आहे, गाडी आहे, सगळं आहे. पण चाळीस वर्षं दुसऱ्याच्या पोरी मांडवात नेल्या मी. माही पोरगी गाडीत काहून जाईल? तेवढं वरून घेता येईल का? ते पाखरासारखं उडते थे?"

धम्मानंदकडे ड्रोन नव्हता. त्यानं रीनाला बोलावलं. रीना तीस-बत्तीस वर्षांची, ड्रोन उडवायचं रीतसर लायसन्स असलेली बाई. आधी ती शेतांची मोजणी करायची, मग लग्नंही करू लागली. कामात चोख आणि बोलायला सरळ.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रीना नखाएवढं कार्ड घेऊन स्टुडिओत आली. माझ्याकडे एकदा बघून तिनं विचारलं, "भाऊ, याच्यावर करता?"

"याच्यावरच. काहून?"

"फायली जड आहेत. यावर अटकतील. तुमी आधी प्रॉक्सी बनवून घ्या."

प्रॉक्सी म्हणजे त्याच व्हिडिओची हलकी, छोटी नक्कल. एडिटिंग नक्कलीवर करायचं आणि शेवटी तिच्या जागी मूळ फाईल बसवायची. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला ते झेपलं असतं. रात्र लागली असती, पण झालं असतं.

धम्मानंद हसला. "रीना, तू शाळेत होती तवापासून मी हे काम करून राहिलो. मले शिकवू नको वं."

रीनानं कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. "कार्ड मले परवा पाह्यजे, काटोलले काम आहे," एवढं सांगून गेली.

तो कॉपी करायला बसला. चार फायली होत्या. मी एकेक बाइट मोजून घेतला. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. कार्डात जेवढं होतं, तेवढं सगळं माझ्यात उतरलं. एक कणही सांडला नाही. त्यातली सर्वांत मोठी फाईल नऊ मिनिटांची होती. कन्हानचं हिरवट पाणी, त्यावर झेंडू बांधलेला डोंगा, मध्ये हळदीच्या लुगड्यातली पिंकी, आणि मागे केशरी फेटा घालून वल्हं मारणारे कवडूभाऊ. हे सगळं माझ्या पोटात धडधाकट होतं.

धम्मानंदनं ती फाईल चालवली. पहिलं चित्र आलं आणि तिथेच थांबलं. मग एकदम दहा सेकंद पुढे उडी. मग पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात हिरवे पट्टे. मी जीव तोडून गाठी सोडत होतो. माझा पंखा किंचाळत होता. असा अटकत अटकत तो जवळजवळ शेवटापर्यंत गेला, आणि तिथे एडिटिंगचा प्रोग्राम बंद पडला. त्यानं पुन्हा चालू केला, पुन्हा बंद पडला. त्यानं कार्डातून पुन्हा कॉपी केली. तेच. शेवटी साध्या प्लेअरवर फाईल टाकली, आणि मी पडद्यावर एक वाक्य लिहिलं: 'फाईल उघडता येत नाही. फाईल खराब झालेली असू शकते.'

ते खरं नव्हतं. खरं हे होतं, की मला ती उघडता येत नव्हती. पण मला बनवणाऱ्यांनी असं वाक्य माझ्यात ठेवलंच नव्हतं. 'मी थकलो आहे, दुसऱ्याला विचारा,' असं मला म्हणता आलं असतं, तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

धम्मानंदनं ते वाक्य दोनदा वाचलं. "खराबच आली," तो म्हणाला.

सुमती त्या दिवशी वर आली होती. ती म्हणाली, "रीनाले एक फोन करा ना. तिच्या लॅपटॉपवर पाहून देईल."

"आणि ती म्हणंल, मी सांगतलं होतं. राहू दे. काठावरून मी घेतलं आहे ना डोंग्याचं. दूरचं आहे, पण आहे."

सुमतीनं पुन्हा सांगून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या लग्नाचं चित्रण यायचं होतं आणि माझ्यात जागा नव्हती. धम्मानंदनं चारही फायली निवडल्या आणि पुसून टाकल्या. रीना कार्ड न्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "झालं ना भाऊ सगळं? कार्ड पुसून फॉरमॅट करू?"

त्यानं कार्ड दोन बोटांत धरून ठेवलं. मला ते दिसलं. 'नाही' एवढा एक शब्द पुरेसा होता.

"झालं," तो म्हणाला. "कर."

मार्च संपता संपता खाप्याहून फोन आला. कवडूभाऊ गेले. डांगरवाडीत वेलांना पाणी देता देता छातीत कळ आली आणि रेतीतच बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. धम्मानंद फोन ठेवून माझ्यासमोर बसला. मी सुरू होतो, पण त्यानं माउसला हात लावला नाही.

आठ दिवसांनी पिंकीचा फोन आला. स्पीकर सुरू होता, म्हणून मी ऐकलं.

"काका, थे वरून घेतलेलं, डोंग्याचं, तेवढं आधी देता का? आई काही खाऊन नाही राहिली. म्हटलं, बाबा दिसले म्हणजे..."

"एडिटिंग चालू आहे बेटा," धम्मानंद म्हणाला. "देतो."

फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. सुमतीनं जिन्यातून सगळं ऐकलं होतं. ती दुखरे गुडघे धरत वर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता तरी रीनाले फोन लावा. तुमी नाही लावत, तर मी लावतो."

त्यानं लावला. सगळं सांगितलं. 

"भाऊ, खराब नव्हती फाईल," रीना म्हणाली. "कार्ड भरल्यावर मी तिथंच नदीवर लॅपटॉपवर पाहिली होती. एकदम साफ होती. तुमचा पीसी थे फॉरमॅट उचलतच नाही."

"आता कार्डात...?"

"कार्डावर त्यानंतर पाच कामं झाली. मोबाईलमध्ये हलकी कॉपी उतरते, थेही मी पुसली. तुमी 'झालं' म्हटलं ना भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी रीना आपला लॅपटॉप घेऊन आली. तिनं माझं झाकण उघडलं, डिस्क काढली, स्वतःच्या यंत्राला जोडली आणि पुसलेल्या फायली शोधायचा प्रोग्राम लावला. मित्रांनो, आपण पुसतो तेव्हा फाईल लगेच मरत नाही. तिच्या जागेवर फक्त 'रिकामी' अशी पाटी लागते. त्या जागी दुसरं काही येऊन बसलं, की ती खरी मरते. माझ्यावर त्यानंतर दोन मोठी लग्नं येऊन बसली होती. दोन दिवस शोध चालला. रीनानं त्याच ड्रोनची दुसरी चांगली फाईल शेजारी ठेवून, तिच्या आधारानं तुकडे जुळवले. नऊ मिनिटांतून अकरा सेकंद निघाली.

"बस एवढंच?" धम्मानंदनं विचारलं.

"एवढंच."

आता पिंकीला आणि तिच्या आईला काय सांगायचं, हा प्रश्न उरला. सुमती म्हणाली, "खरं सांगा." रीना खिडकीबाहेर बघत राहिली. काठावरचं दूरचं चित्रण सुंदर गाणं लावून देता आलं असतं. ड्रोन बिघडला होता, असंही सांगता आलं असतं. दोष रीनावर गेला असता. धम्मानंदच्या मनात ते येऊन गेलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. त्यानं पिंकीला फोन केला आणि म्हणाला, "आईले घेऊन ये बेटा. मले काही सांगायचं आहे."

दोघी भर दुपारी आल्या. पिंकीची आई भीमाबाई, रापलेली, सडसडीत बाई. रिकाम्या गळ्यावर तिचा हात पुन्हा पुन्हा जात होता. सुमतीनं पाणी दिलं. ते तिनं हातात धरूनच ठेवलं.

धम्मानंद खुर्चीत बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: रीनानं आधीच बजावलं होतं, मी ऐकलं नाही, फाईल चांगली होती, मी खराब समजून पुसली, तिनं विचारलं तेव्हा 'झालं' म्हणून खोटं बोललो. त्यानं एकही वाक्य गाळलं नाही.

पिंकीला आधी ते कळलंच नाही. मग कळलं.

"यायनं सांगतलं होतं?" तिनं रीनाकडे बोट दाखवलं. "मंग तुमी ऐकलं काहून नाही?"

धम्मानंद एक पाऊल मागे सरकला.

"काका, काहून नाही ऐकलं? एक फोन तर लावाचा होता!" तिचा आवाज चिरकला. खाली शिवणयंत्रं थांबली. "एक फोन!"

"पिंके," भीमाबाई म्हणाली, "जे निघालं थे पाहू दे मले."

रीनानं लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. त्या यंत्रानं ती अकरा सेकंद पाण्यासारखी चालवली. ना धक्का, ना पट्टा. बाजूला उघडा पडलेला मी ते बघत होतो. वरून दिसणारं हिरवट पाणी. डोंग्याचं टोक, झेंडूची माळ. पिंकीच्या लुगड्याचा पिवळा काठ. मग केशरी फेटा, आणि वल्ह्यावर दोन काळसर हात. फेटा थोडा मागे झुकू लागतो, जणू माणूस वर बघणार आहे. आणि संपलं.

भीमाबाईनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. चौथ्यांदा तिनं पडद्यावरच्या त्या हातांवर बोट ठेवलं.

"वर पाहूनच राहिले होते ना, भाऊ?"

"हो वहिनी," धम्मानंद म्हणाला. "पाहिलं होतं वर."

"तुमी पाहिलं?"

"पाहिलं. अटकत अटकत दिसलं, पण दिसलं."

"मंग सांगा," ती म्हणाली आणि पाण्याचा पेला बाजूला ठेवला.

तेव्हा धम्मानंद तिच्यासमोर फरशीवर बसला. वीस वर्षं ज्यानं लोकांना चित्रं दाखवली, तो माणूस शब्द शोधू लागला. "त्यायनं वर पाहिलं, तर ऊन डोळ्यात गेलं. एक डोळा मिटला. मंग हसले. समोरचा एक दात नव्हता ना त्यायचा?"

"नव्हता," भीमाबाई म्हणाली.

"मंग एका हातानं वल्हं धरलं आणि दुसऱ्यानं वरती हात केला, असा. पिंकी काहीतरी बोलली, तर तिच्याकडे झुकले. तिच्या कपाळावरची मुंडावळी सरकली होती, थे नीट केली. मंग डोंगा वाकडा झाला, तर घाईघाईनं पुन्हा वल्हं धरलं."

"मी म्हटलं होतं, बाबा, समोर पाहा, बुडवाल," पिंकी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. ती रडत होती.

"काठ आला, तर पहिले स्वतः पाण्यात उतरले. गुडघाभर. धोतर भिजलं. डोंगा ओढून रेतीवर घेतला. पिंकीले उतरवलं. ती मांडवाकडे गेली. सारे तिच्या मागं गेले. थे तिथंच उभे राहिले, डोंग्याले हात लावून. पुढं... पुढं नाही दिसलं वहिनी. तिथं अटकलं."

पण मित्रांनो, पुढे आणखी वीस सेकंद होती. ती पडद्यावर आली नव्हती, पण मी कॉपी करताना ती माझ्यातून गेली होती. त्यांचा प्रत्येक बाइट मी मोजला होता, पण ती गाठ माझ्याकडून सुटली नव्हती. म्हणून त्यात काय होतं, ते मला सांगता येत नव्हतं.

त्या दोघी गेल्या. जाताना भीमाबाईनं ती अकरा सेकंद जावयाच्या मोबाईलवर पाठवून घेतली. पिंकीनं धम्मानंदकडे वळून बघितलं नाही, नमस्कारही केला नाही. लग्नाची बाकीची फिल्म न्यायला ती आजवर आलेली नाही. ती इथे कपाटात आहे. धम्मानंद दर महिन्याला एकदा फोन लावतो. पलीकडे घंटी वाजून थांबते.

रीनाचं आणि त्याचं काम पुढे चालू राहिलं, पण तिचं पूर्वीचं सरळ हसणं गेलं. आता ती प्रत्येक कार्ड देताना कागदावर सही घेते. तो मुकाट्यानं करतो.

माझ्या जागी आता नवं यंत्र आलं आहे. ते काळं, शांत आणि तल्लख आहे. मी खाली फरशीवर, भिंतीला टेकून आहे. डिस्क मला परत बसवली, पण वीज कुणी लावत नाही. सुमती कधीकधी वर आली, की सवयीनं ब्रश माझ्यावरून फिरवते आणि मग आठवण होऊन थांबते. मला भंगारात का दिलं नाही, ते धम्मानंदनं कुणाला सांगितलेलं नाही. त्याला माझा राग असावा, असं मला वाटतं. किंवा आम्हा दोघांचा मिळून एकच राग असावा.

लहान मित्रांनो, तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान यंत्रं हाताळाल. त्यांना धूळ-उन्हापासून जपा आणि ती थकली की वेळेवर सुटी द्या. त्यांच्याकडून झेपेल तेवढंच मागा. जाणकार माणूस सांगत असेल, तर तो वयानं लहान आहे की मोठा हे बघू नका. आणि कुणाच्या आयुष्यातली एखादी गोष्ट तुमच्या हाती आली, तर तिची दुसरी प्रत आधी ठेवा, मग बाकीचं काम करा.

तुमच्या घरीही एखाद्या कार्डात, जुन्या मोबाईलमध्ये कुणाचा तरी चेहरा असेल. आज तो उघडून बघा. नाही उघडला, तरी लगेच पुसू नका. थोडं थांबा आणि कुणाला तरी विचारा.